दुसऱ्या मॉनिटरचा शुक्रवार

फुकट ते पौष्टिक म्हणत दुबईतल्या आमच्या गोदामाच्या ऑफिसात लिनक्स मीच आणलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मॅनेजरला एका कॉम्प्युटरवर दोन मॉनिटर हवे होते, एकावर आलेला माल आणि दुसऱ्यावर गेलेला. "हबीबी, शनिवार सुबह दोनों चालू करके दिखाओ, फिर तुम्हारे फॅमिली व्हिसा पे साइन," तो म्हणाला. बायको आणि मुलगी पुण्यात त्या सहीवरच डोळे लावून बसल्या होत्या.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी एकटाच ऑफिसात गेलो. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकला, मशीन पुन्हा चालू केलं, तर दोन्ही मॉनिटर काळे. एकावर कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकत होता. मेलं इंटरनेटही नेमकं त्याच मशीनवर. पुण्यातल्या मित्राला यातलं सगळं कळायचं, पण आमची सुट्टी शुक्रवारची, त्याची रविवारची. तो मीटिंगमध्ये होता. चिडून टेबलावर हात आपटला, तर हातच दुखला.

शेवटी घरी फोन लावला. बायकोने लिनक्सचं नाव माझ्याच तोंडून ऐकलेलं. ती बिचारी सायबर कॅफेत गेली, मी आठवून सांगितलेलं इंटरनेटवरचं पान छापून घरी आली, आणि मी परत फोन केल्यावर अक्षर न् अक्षर वाचू लागली. भटजींनी सांगावं आणि यजमानाने निमूट आचमन करावं, तसा मी टाइप करत गेलो.

"अहो, इथे रेघ मध्ये आहे की खाली? शाई पुसट आहे."

मी हायफन आणि अंडरस्कोर दोन्ही करून पाहिलं. एक मॉनिटर उजळला. दुसऱ्यावर 'नो सिग्नल'. केबल काढली, घातली, परत काढली. तिच्याकडून तेच पान पुन्हा वाचून घेतलं. काही उपयोग नाही. मला अक्षरशः रडू येत होतं.

"झालं का?" तिने विचारलं.

"एक झाला."

"मग करतील ना ते सही?"

"नाही गं. दोन्ही चालू हवेत त्याला."

ती म्हणाली, "मी काल शाळेतून हिचा दाखला काढून आणलाय. परत घेतील का हो तिला?"

त्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून बायकोनेच वर्षभर खेटे घातले होते.

"घेतील," मी म्हणालो.