मोठ्या शिंपल्यांची पोती

दादाच्या शेततळ्याचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं.

शेत वळसंगला, मी सोलापुरात. शेततळं झालं आणि दादानं मोत्यांच्या शेतीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं. दोन दिवस! पापड लाटायला शिकायलाही जास्त लागतात. पण शिंपले काही तळ्यात उगवत नाहीत, ते नदीतून आणायचे होते. आणि 'मावशीला विचार' हे त्याला सुचवलं कुणी? मीच. माझ्याच जिभेला हाड नाही.

मावशी भीमेकाठी राहते, मासे धरते. उन्हाळ्यात मासे मिळेनासे झाले की ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पायाच्या बोटांनी गाळ चाचपते आणि शिंपले काढते. ते दोन महिने तिचं घर त्याच कालवणावर चालतं. तळहाताहून मोठा शिंपला मात्र परत पाण्यात. "त्येच्या पोटात पिल्लं असत्यात की," म्हणायची.

भाच्याला नाही कसं म्हणणार? तिनं डोह दाखवला. दादानं माणसं उतरवली आणि नेमके मोठेच शिंपले वेचून पोती भरली, कारण मोती धरायला शिंपल्यात मणी बसवावा लागतो आणि मोठ्यात त्याला जागा होते. मावशी काठावरून ओरडत होती, "आरं, आया हायती त्या, सोड की त्यास्नी!"

दादा हसला. "मावशी, हे शास्त्र आहे."

शास्त्र म्हणे! डोंबलाचं शास्त्र! आणि मी काय करत होते? पोत्यांची तोंडं बांधत होते.

शिंपल्यांत मणी बसवून ते जाळीच्या पिशव्यांतून तळ्यात टांगले. तळाला प्लास्टिकचा कागद, डोक्यावर आमचं सोलापूरचं ऊन. पाणी तापलं आणि महिन्याभरात सगळे तोंड वासून मेले. असा वास सुटला की शेजारच्या रानातले लोक भांडायला आले. मोती एकही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी डोहात उतरली. दुपारपर्यंत चाचपून रिकामी पाटी घेऊन वर आली. हे कळल्यावर मी दादाला फोनवर इतकी बोलले की गल्ली गोळा झाली.

तरी हा बाबा गेल्या महिन्यात पुन्हा मावशीच्या दारात हजर! त्यानं काही अक्कल पाजळू नये म्हणून मीही गेले. "तळ्यावर आता सावलीची जाळी टाकलीय मावशी. दुसरा डोह दाखव की," दादा म्हणाला.

"न्हाय बाबा. आता कुटंच न्हायती," मावशी म्हणाली. त्याला चहा दिला, वाटेला लावलं.

तो गाडी वळवायला गेला तेव्हा मी हळूच विचारलं, "खरंच कुठं नाहीत?"

"हायती एका जागी. पर म्या बी जात न्हाय तितं. माज्या मागं मागं कुणीतरी यील, जागा बघंल."

"मग उन्हाळ्यात खातेस काय?"

"भाकर-चटणी."

"कुठं आहे गं ती जागा?" माझ्या तोंडून निघून गेलंच.

मावशीनं माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "तुला बी न्हाय सांगायची."