रहमतवरचा ठिपका

मुर्तुजा फणसोपकरचं अक्षर तुम्ही पाहिलेलं असणार. पूर्णगडपासून राजापूरपर्यंत मशिदींच्या कमानींवर, कबरींच्या संगमरवरावर आणि दर्यात जाणाऱ्या होड्यांवर त्याच्या हातचं अरबी-उर्दू आहे. खाली सही मात्र कुठेच नाही. "अल्लाचा कलाम लिहायचा नि खाली आपलं नाव ठोकायचं, शोभतं काय रे?" असं तो म्हणतो. मी विचारतो, होडीवर 'दर्या की रानी' लिहिलंस, तो काय अल्लाचा कलाम? यावर तो चहा मागवतो.

रत्नागिरीत धनजी नाक्याजवळ माझं फ्रेमचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत मुर्तुजाची बैठक. उर्दूत असं देखणं लिहिणाऱ्याला कातिब म्हणतात. लग्नपत्रिका आता कॉम्प्युटरवर होतात, त्याचं त्याला जराही वाईट वाटत नाही. तेच तेच लिहून कंटाळलो होतो, सुटलो, म्हणतो. बोरूचं टोक कागदावर टेकवलं की चौकोनी ठिपका उमटतो, तो नुक्ता. अक्षर किती उंच, किती लांब, हे सगळं तो त्या ठिपक्यांनी मोजतो. मला एकदा शिकवायला बसला होता. माझा ठिपका बघून म्हणाला, "अनिल, तू फ्रेमाच कर."

पण या पठ्ठ्याची एक खोड आहे. अक्षराच्या रूपात इतका बुडतो, की शब्दाकडे लक्षच राहत नाही. एखादा ठिपका राहून जातो, एखादा जास्त पडतो. म्हणून त्याचं प्रत्येक काम रहमतभाभी तपासते. भाभी म्हणजे त्याची बायको, उर्दू शाळेत मास्तरीण होती. तिने होकार दिल्याशिवाय काम दुकानाची पायरी उतरत नाही.

भाभीची तक्रार एकच. लग्न ठरलं तेव्हा मुर्तुजाने कबूल केलं होतं, तुझं नाव असं लिहीन की लोक थांबून बघतील. "अख्ख्या किनाऱ्याची नावं लिहून झाली, अनिलभाऊ," ती म्हणायची, "माझं कुठे दिसतं? लाइटच्या बिलावर." म्हणायची हसून, पण तिला ते लागलेलं होतं. मुर्तुजालाही ठाऊक होतं. तिच्या नावाला हात घालायची भीती वाटते, बिघडलं तर काय, असं तो मला म्हणाला होता.

शेवटी मजगाव रोडला त्यांचं नवं घर उभं राहिलं आणि मुर्तुजाने ठरवलं, दारावर 'रहमत मंझिल' कोरून घ्यायचं. भाभीला घरभरणीच्या दिवशीच दाखवायचं. मी म्हटलं, चांगला संगमरवर आण. तो उखडलाच. "जन्मभर संगमरवरावर मेलेल्यांची नावं लिवली. ही जित्ती हाय."

म्हणून मग जांभा आला. जांभ्याला उपजतच भोकं. मुर्तुजाने त्यातल्या त्यात गुळगुळीत चिरा निवडला आणि ब्रश चुन्यात बुडवून नाव लिहिलं. काय सांगू, मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, तरी मी उभा राहून बघत बसलो. फक्त एक भोक नेमकं 'र'च्या डोक्यावर आलं होतं. उर्दूत 'र'वर एक ठिपका दिला की त्याचा 'ज' होतो. रहमत म्हणजे कृपा. जहमत म्हणजे कटकट, डोक्याला ताप. मुर्तुजाने त्या भोकाभोवती चुन्याचं कडं काढलं, म्हणजे हे बुजवायचं, आणि नमाजला निघून गेला.

चिरा कोरायचा होता भागोजी पाथरवटाने. भागोजीला उर्दू येत नाही, पण मुर्तुजाची कामं तो वर्षानुवर्षं कोरतो आणि त्याला शिकवलेला नियम एकच: चुना दिसेल तिथे छिन्नी.

घरभरणीच्या आदल्या दिवशी दुपारी चिरा दारावर बसला. भागोजीने वरचं गोणपाट काढलं. मुर्तुजा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "बघ रे अनिल, 'ह'चं पोट बघ." त्याला काही म्हणजे काही खटकलं नाही. तेवढ्यात रिक्षा थांबली. भाभीला उद्या यायचं होतं, पण उद्याच्या जेवणाची भांडी घेऊन ती आजच आली. तिने वर पाहिलं आणि शाळेत वाचावं तसं मोठ्याने वाचलं, "जहमत मंझिल."

मुर्तुजाने पुन्हा वर पाहिलं, आणि पायरीवर मटकन बसला. मला त्याचा असा राग आला! एवढं एकच काम भाभीला न दाखवता केलं, आणि त्यातच ही माती खाल्ली.

"मना काय म्हायती?" भागोजी म्हणाला. "चुना व्हता, खोदला. बाकीचं ठिपकं चौकोनी, म्हनून ह्योपन चौकोनी क्येला. बगा तरी, समद्यात ब्येस त्योच झालाय." खरंच होता. एवढा रेखीव ठिपका अख्ख्या दगडात दुसरा नव्हता.

मुर्तुजा उठला. "फोडून काढतो. भिंत गेली तरी चालंल. एकदाच गो तुझं नाव लिवलं, नि ते असं..."

जांभ्याची भुकटी चुन्यात मळून ठिपका बुजवता येईल, असं भागोजी म्हणाला. "पन पावसाचा मारा हितंच हाय. एक पावसाळा टिकंल, मग पडंल."

"मग फोडायचाच," मुर्तुजा म्हणाला.

"कुणी काही फोडायचं नाही." भाभीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "भागोजी, दर पावसाळ्यात पडेल?"

"व्हय. पन मी येन की दर वर्साला."

"तू नको. हे भरतील." मग ती मुर्तुजाकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "चाळीस वर्षांत एकदा नाव लिहिलंत. आता दर वर्षी लिहायचं."

मुर्तुजाने स्टूल आणलं, वर चढला आणि बोटाने ठिपका भरू लागला. भाभी खालून सांगत होती, डावीकडे राहिलंय, वर राहिलंय. घरभरणीला आलेला प्रत्येक माणूस दारात थांबून वर बघत होता.

याला तीन वर्षं झाली. पाऊस सरता सरता ठिपका उघडा पडतो आणि भाभी फोनवर सगळ्यांना ऐकवते, सध्या आम्ही जहमतमध्ये राहतो. मग एखाद्या रविवारी स्टूल निघतं. यंदा मी गेलो तेव्हा मुर्तुजा वाटीत चुना मळत होता, अगदी खुशीत. मी म्हटलं, अरे, हल्ली दगडात भरायला पक्का मसाला मिळतो, वर्षानुवर्षं हलत नाही. त्याने आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"भागोजी घेऊन आला व्हता रे. मी परत धाडला."