डीपीपुढची खुर्ची

लाइट गेल्यावर माझ्या सासऱ्यांइतका खुलणारा माणूस अख्ख्या शहापूर-मुरबाडात दुसरा झाला नसेल. त्यांच्या गावी, शेणव्यात, लाइट गेली की लोक मेणबत्ती शोधत, तात्या खुर्ची शोधत. वायरमनने डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, पेटीतले फ्यूज काढले की ते तात्यांच्या मांडीवर, आणि तात्या डीपीपुढे खुर्चीत. "तात्या, बसलाव का?" तो विचारणार. "बसलोय, चढ!" हे ऐकल्याशिवाय तो खांबाला हात लावत नसे. मग तात्यांचा दरबार भरायचा. तुटलेल्या तारेपाशी राखण कोणी करायची, शहापूरला फोन कोणी लावायचा, सगळे हुकूम बसल्या जागेवरून. गिरणीवाला घाई करायला आला तर त्यालाच तारेकडची गुरं अडवायला धाडत. बरं, वीजखात्याशी तात्यांचा संबंध फक्त बिल भरण्यापुरता!

हे मला कळलं आमच्या लग्नात. आम्ही मुरबाडहून वाजतगाजत आलो, अंतरपाट धरला आणि लाइट गेली. बत्त्या पेटल्यावर बघतो तर वधूपिता गायब! माझे वडील म्हणाले, "पळाले की काय?" मुंडावळ्या सावरत मीच शोधायला निघालो. कोऱ्या फेट्यात, मांडीवर फ्यूज घेऊन सासरेबुवा डीपीपुढे बसलेले. मी हबकलोच.

"अहो, मुहूर्त टळतोय!"

"टळू दे. जावईबापू, वर मानूस हाय. तो उतरंपर्यंत मी नाय उठायचा."

"मग फ्यूज दुसऱ्या कुणाकडे द्या की!"

"दिले व्हते एकदा," एवढंच म्हणाले.

पुढचं मला बायकोने नंतर सांगितलं. माणूस उतरला असेल असं समजून त्या दुसऱ्याने फ्यूज परत बसवले होते. खांबावर या वायरमनचा थोरला भाऊ होता. तो जिवंत उतरलाच नाही. आमचं लग्न मुहूर्त उलटून लागलं, आणि अक्षता टाकायला वायरमनही होता.

तात्यांच्या तेराव्याला भर पंगतीत लाइट गेली. वायरमनने फ्यूज काढले आणि सवयीने हाक मारली, "तात्या, बसलाव का?" पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. तो बिचारा फ्यूज घेऊन तसाच उभा राहिला. इतके दिवस धड कुणाशी न बोललेली माझी बायको वाढायचं सोडून निघाली. ओसरीवरची खुर्ची तिने डीपीपुढे नेऊन ठेवली, बसली आणि पदर पसरला.

"बसलेय. चढ."

मी पुन्हा हबकलो. मग तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. वर माणूस होता.