मल्लूमामा आणि मंद्रूपचा बांध

माझा मामा अठरा वर्षं चुकत होता.

आणि तो भूगोलाचा मास्तर होता.

मल्लूमामा. शुक्रवार पेठेत राहायचा, सोलापुरातल्याच एका शाळेत शिकवायचा. नववीत मी त्याच्या वर्गात होते. घरी मामा, वर्गात सर. एकदा वर्गात चुकून 'मामा' म्हणाले, तर सगळा वर्ग आठवडाभर त्याला मामा म्हणत होता. तो ओ द्यायचा.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

त्याचा भूकंपाचा तास शाळेत फेमस होता.

दोन बाक लांबीनं एकमेकांना चिकटवायचे. दोन्हींवरून खडूची एक आडवी रेघ. मग चार दणकट मुलं निवडून सांगायचा, दोघं इकडं ढकला, दोघं तिकडं. बाक एकमेकांना घट्ट धरून राहायचे. मुलं लाल व्हायची. आणि एकदम, खाडकन सरकायचे.

रेघ तुटलेली असायची.

"बघा. जमीन वर गेली नाही, खाली गेली नाही. शेजारून शेजारी सरकली. आणि सरकते म्हणून भूकंप होत नाही बरं का. अडून बसते म्हणून होतो."

मग कॅलिफोर्निया, एकोणीसशे सहा. सॅन फ्रान्सिस्को हललं, मग जळलं. हजारो माणसं गेली. पण ते तो शेवटी सांगायचा. आधी कुंपण. एका रानातलं सरळ लाकडी कुंपण भूकंपात मधोमध तुटलं, आणि त्याचं दुसरं टोक आठ फुटांहून जास्त बाजूला जाऊन उभं राहिलं.

पडलं नाही. नुसतं शेजारी गेलं.

मी एकदा घरी विचारलं, "किल्लारी एवढी जवळ. तू कॅलिफोर्निया का शिकवतोस?"

उत्तर मामीनं दिलं. "नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी किल्लारी शिकवली होती. एक मुलगी उठून बाहेर गेली. त्या तासाला परत आली नाही."

मामा म्हणाला, "कॅलिफोर्नियात आपलं कुणी मेलं नाही. आधी समजू दे. रडणं येतंच मागून."

आमच्या वर्गात मागच्या बाकावर सखू बसायची. मेंढरं राखणाऱ्या घरची, सांगोल्याकडची, शिकायला मावशीकडं आलेली. कुंपणाची गोष्ट संपली तशी ती म्हणाली, "सर, आमच्याकडं बांध सरकाय भूकंप लागत न्हाय. सख्खा भाऊ आसला की बास."

वर्ग फुटला. मामाही हसला, डोळे पुसेपर्यंत. मग फळ्याकडं वळला आणि पुसलेलाच फळा परत पुसायला लागला.

मला कारण माहीत होतं.

मंद्रूपला मामाचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, सिद्धूमामाचं, रान शेजारी शेजारी. मधे बांध. सिद्धूमामा गावात राहून शेती करायचा, मल्लूमामानं आपलं रान वाट्यानं दिलेलं. आदल्या वर्षी नांगरताना सिद्धूमामानं बांध हातभर मल्लूमामाच्या रानात ढकलला, असं मल्लूमामाचं म्हणणं.

तेव्हापासून बोलणं बंद. माझी आई दोघांची बहीण. भाऊबीज ती दोन दिवस करायची.

मामी टोमणे मारायची. "पोरांना सांगता, अडून बसलं की काय होतं. आणि घरी?"

"तो आला तर मी नाही म्हणणार नाही."

"आणि तुम्ही गेला तर?"

मामा पेपर उघडायचा.

अठरा वर्षं.

मामा रिटायर झाला. मग पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर वर्षाच्या आतलंच बोलले. आम्हाला वाटलं, आता तरी भावाला फोन करेल.

त्यानं सरकारी मोजणीचा अर्ज केला.

"जायच्या आधी निकाल लावतो. मी खोटा नव्हतो, एवढं कागदावर येऊ दे."

मोजणीच्या दिवशी मी त्याला गाडीतून मंद्रूपला नेलं. मे महिना, रानं मोकळी. सिद्धूमामा लांब आपल्या विहिरीपाशी उभा होता, डोक्यावर टॉवेल. मोजणीवाल्यांनी मशीन लावलं. मातीत गाडला गेलेला हद्दीचा दगड उकरून काढला.

"सर, बांध अजून चार फूट तुमच्या भावाच्याच रानात हाय. म्हंजे त्येंचीच जमीन तुमच्याकडं आलीया. तुम्ही हद्द कशावरून धरली होती?"

"बाभळीवरून."

"बाभळ काय सर, उगवंल तितं उगवती."

मामानं नकाशा मागून घेतला. स्वतः वाचला. दोनदा.

मग ढेकळांतून चालत निघाला. मी हात धरायला गेले, त्यानं झटकला.

"सिद्धू, चूक माझी."

"कुटली?"

"बांधाची."

"ते मला अठरा वर्षं म्हायती हाय की."

"मग सांगायचं होतंस!"

"तुला कोण सांगणार अण्णा? तू मास्तर."

मामाला हसू आलं आणि ठसका लागला. सिद्धूमामानं त्याला कठड्यावर बसवलं, पाणी पाजलं. "होगली बिडू," म्हणाला. जाऊ दे. त्यांच्या आईची कानडी. त्या दोघांना ती एकमेकांशी बोलताना मी किती वर्षांनी ऐकलं.

त्यानंतर सात महिने मिळाले.

सिद्धूमामा दर सोमवारी एसटीनं यायचा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मामाला त्यातलं काही चालायचं नाही. मग सिद्धूमामा त्याच्यासमोर मांडी घालून ते स्वतः खायचा.

"तू मला छळायला येतोस."

"अठरा वर्षांचं राहिलंय की."

डिसेंबरात मामा गेला.

आमच्यात माणसाला पुरतात, शक्यतो रानातच. मामाचं रान त्या साली पडीक होतं, जागा भरपूर. पण आम्ही त्याला घेऊन मंद्रूपला पोचलो तेव्हा खड्डा खणून तयार होता. सिद्धूमामाच्या रानात. पोटरीला आलेली उभी ज्वारी त्यानं कापली होती.

गावातलं कुणीतरी म्हणालं, "आरं, अण्णाचं रान मोकळं हाय की. तुजं पीक कशाला कापलास?"

"तितं कोण जातंय?" सिद्धूमामा म्हणाला. "हितं मी रोज येतो."

निवांत राहा, मल्लूमामा.

माझा नमस्कार.