भीती घालवणारे डॉक्टर

बहात्तरच्या दुष्काळानंतर म्हसवडजवळच्या एका गावात पटकीची साथ आली, तेव्हा मी तिथं शाळामास्तर होतो. गावाला सलाईनच्या बाटल्या हव्या होत्या. सरकारनं पाठवले वेड्यांचे डॉक्टर, लोकांची भीती घालवायला! त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गाव त्यांना 'भ्या-डाक्टर' म्हणायचं.

पारावर उभं राहून ते कर्ण्यातून सांगत होते, "मन खंबीर ठेवा." मधूनच खिशातला साबण काढून हात धुऊन यायचे. धुऊन धुऊन हातांची सालं निघाली होती. नुकताच नवरा गेलेली एक म्हातारी समोर बसली होती. ती म्हणाली, "आवं डाक्टर, आमचं भ्या घालवाय आलासा, मग तुमचंच हात का थरथरत्यात?"

लोक हसले. डॉक्टरांनी कर्णा खाली ठेवला.

"आजी, माझ्या रोग्यांची भीती खोटी असते, ती घालवायला मी शिकलोय. तुमची खरी आहे. तिचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही."

त्यानंतर त्यांनी भाषण केलं नाही. आजारी माणसं शाळेत ठेवली होती. तिथं ते घाण उपसत राहिले, रडणाऱ्यांजवळ बसत राहिले, येईल त्याला लस टोचून घेतली का विचारत राहिले.

साथ ओसरल्यावर सभापती जीपमधून हार घेऊन आले. "यांच्या भाषणांमुळं तालुका निर्भय झाला," म्हणाले. डॉक्टर खुर्चीतच झोपले होते. टाळ्यांनी ते दचकून उठले आणि समोर दिसलेल्या सभापतींना त्यांनी सवयीनं विचारलं, "टोचून घेतलंत ना?"

सुईला भिणारे सभापती हार टेबलावर टाकून जीपमध्ये जाऊन बसले.