वडिलांचा खोकला

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. समतेची, पाणवठ्याची, शिकून नोकरी धरा असं बजावणारी. ती वाचूनच वडिलांनी नोकरी धरली. सणसरहून सायकलने एका कचेरीत कारकुनीला जायचे आणि दुपारच्या चहाला सगळ्यांच्या बरोबरीने बसायचे. त्या बसण्याचा त्यांना पगाराहून जास्त अभिमान होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांचं पोट सुटलं, रक्तदाब चढला, साखरही वाढली. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, ही तिन्ही दुखणी एकाच घरची. दाबाच्या जुन्या गोळीने साखर आणखी चढते, म्हणून नवी देतो. ती मूत्रपिंडंही राखते. दाब खरंच उतरला. पण कोरडा खोकला लागला, तो थांबेचना.

आमच्याकडे अशा खोकल्याचा अर्थ एकच, टीबी. थुंकी तपासली, काही निघालं नाही. तरीही कचेरीत शेजारच्या टेबलवाल्याने एक दिवस वडिलांचा कप उचलून खिडकीत ठेवला. "आबा, राग नका मानू. घरात लेकरंबाळं हायती." आजोबांनाही हॉटेलात कप वेगळाच मिळायचा. तेव्हा त्यासाठी खोकावं लागत नव्हतं.

मी कॉलेजात होते. त्या कपावर पत्रक काढायला निघाले, तर वडिलांनी अडवलं. पत्रक वाचून कुणी माझ्या शेजारी बसणार न्हाय, म्हणाले.

मध्ये गोळ्या संपल्या, आणायला उशीर झाला आणि खोकला उतरला. वडिलांनी ते बरोबर हेरलं आणि गोळीच सोडली. आई भांडली. ते शांतपणे म्हणाले, "बीपी कुणाला दिसतंय? खोकला समद्यांस्नी ऐकू येतो."

कप टेबलावर परत आला. वडील खुशीत होते. उसाच्या गाड्या सुरू झाल्या त्या सुमारास, एका सकाळी सायकल काढताना त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

डॉक्टर हळहळले. "खोकला या गोळीनेच येतो काहींना. सांगायचं ना, बदलून दिली असती."

"तुम्ही का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सगळं सांगत बसलो तर पेशंट गोळी घेतच नाहीत."

खाटेवरून वडील आमच्याकडे बघत होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. आईने त्यांच्या ओठाची लाळ पुसली. डॉक्टरांनी त्याहून नवी गोळी लिहून दिली. हिने खोकला येत नाही, म्हणाले.