दमणीतली उजवी बाजू

कोपरा फाडलेलं कार्ड हातात आलं तेव्हा मी टपालवाल्यावरच खेकसलो. "असा कुरतडलेला कागद देतात होय रे?" तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला. मृत्यूच्या पत्राचा कोपरा फाडतात हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं, आणि मी तर बावीस वर्षं मास्तरकी केलेला. शेवटी तोच हळूच म्हणाला, "मास्तर, पहिले खाले बसा. मंग वाचा." मी बसलो, वाचलं. ब्राह्मणपुरीचे माझे नानामामा गेले होते. टपालवाल्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

याला आता दीड महिना होत आला. तरी दुपारी डोळा लागता लागता त्यांच्या दमणीचे घुंगरू ऐकू येतात. दमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी. लहानपणी मी मामांच्या मांडीशी बसून तिच्यातून तालुक्याला जायचो. नदीच्या वाळूत चाकं शिरली की त्यांचा आवाज बंद व्हायचा. वाटायचं, आपण पाण्यावरून चाललो आहोत... पलीकडे सातपुडा, निळा, अर्धा पुसलेला. मामा गाडीत डाव्या बाजूला बसत. उजवी बाजू वाटेत भेटेल त्याची.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची चार-पाच वर्षं मामा लोकल बोर्डाचे सभासद होते. सभेला येण्याजाण्याचा भत्ता मिळायचा. मामांनी तो कधी घेतला नाही. घरची गाडी, घरचे बैल, भत्ता कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यात मिरवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. मिरवायला मी होतो! मला तेव्हा साप्ताहिकांना पत्रं लिहिण्याचा नाद होता. मी लिहिलं, 'जनतेच्या पैशाला हात न लावणारा सभासद'. वर उपदेशही केला, की बाकीच्यांनी यांचा कित्ता गिरवावा. पत्र छापून आलं, चावडीवर वाचलं गेलं. मी आठवडाभर मान जरा वर करून चाललो.

मग लोकांनी साहजिकच पुढचा प्रश्न विचारला. भत्ता घेतो तरी कोण? इतरांची नावं काढायची कुणाची छाती नव्हती. सापडला तो गुमान. वर डोंगरातल्या काठी गावाच्या बाजूच्या एका पाड्यावरचा हा सभासद डोंगर उतरून दोन दिवस पायी यायचा, दोन दिवस परत जायचा. पाड्यावर विहीर व्हावी एवढाच त्याचा विषय. "पायी येणाराले कसाना भत्ता? पायले काय ढेप लागस?" असं कुणीतरी भर सभेच्या दारात म्हटलं आणि बाकीचे हसले. ढेप म्हणजे बैलांची पेंड. पुढच्या सभेला गुमान आला नाही, त्याच्या पुढच्याही. विषय मांडणारा नाही म्हणून विहीर दोनदा मागे पडली. एका सभासदाने तर प्रस्ताव आणला, की नानांसारखा सगळ्यांनीच भत्ता सोडावा. टाळ्या पडल्या.

त्या दिवशी मामा घरी आले ते थेट गोठ्यात बैलांपाशी गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "भाचा, चाल खापरना बजारले." खापर गावचा होळीआधीचा बाजार, सगळा डोंगर खाली उतरलेला. ढोल, बासऱ्या, धूळ, मोहाचा वास... त्या गर्दीतून आम्ही स्वप्नात चालावं तसे चाललो होतो. गुमान एका झाडाखाली टोपल्या विकत बसला होता. मामा त्याच्याशेजारी जमिनीवरच बसले.  घरी गुमान भिलीत बोलायचा, आमच्याशी अहिराणीत. टोपलीचा काठ दाबत तो म्हणाला, "नाना, तुन्हा घर बैल शेतस, सालदार शेतस. तू सभाले गया तरी तुन्हं शेत चालस. मन्हा फक्त पाय शेतस. मी सभाले गऊ की घरनी चूल इझस. तू पैसा लेत नहीं, तू देव. मी लेस, मी चोर."

परत येताना मी, शहाणा, सुचवलं, "मामा, तुम्ही भत्ता घ्या आणि गुपचूप त्याला देऊन टाका." मामांनी गाडीच थांबवली. "चोर कऱ्हा, आते भिकारी बी करस का त्याले?" मग कासरा सैल सोडून, जरा मऊ आवाजात, "तू आरती मन्ही करी, भाचा. धूर त्याना डोयामा गया."

पुढच्या सभेत मामा उभे राहिले आणि म्हणाले, "मन्हा भत्ता लिखा. आजपासून दर सभाना. रस्ता समदास्लेच लागस, तो फुकट कोनलेच पडत नहीं." मागून आवाज आला, "काय नाना, घरमा बैल उपाशी शेतस का?" मामा वळून म्हणाले, "बैल नहीं रे, मन्ही अक्कल उपाशी व्हती." भत्ता त्यांनी घेतला आणि त्याची ढेप आणून बैलांनाच घातली. पण गावात व्हायची ती चर्चा झालीच. नाना शेवटी इतरांसारखेच निघाले, असं म्हणणाऱ्यांत माझे दोन विद्यार्थीही होते. पुढची निवडणूक मामा हरले. मी साप्ताहिकाला खुलासा लिहायला बसलो, तर त्यांनी दौत उचलून फडताळात ठेवली.

मात्र मधल्या काळात भत्ता सोडण्याचा प्रस्ताव बारगळला होता, आणि गुमान सभेला येऊ लागला होता. विहीर झाली. सभा संपली की डोंगराच्या फाट्यापर्यंत तो दमणीत उजव्या बाजूला बसून यायचा. दोघं काय बोलत, देव जाणे. मी एकदा मागे बसून कान दिला होता, तर नुसते घुंगरू.

दहाव्याला ब्राह्मणपुरीला गेलो. दुपारी मामी म्हणाल्या, "गुमान उना शे, चहा दी ये." अंगणात तो दिसेना. गोठ्यापाशी टेकू लावून दमणी उभी होती, बैल सोडलेले. गुमान तिच्यात उजव्या बाजूला बसला होता. दोन दिवस चालून आलेले पाय खाली सोडलेले. डावी बाजू मोकळी, तिथलं लाकूड बसून बसून गुळगुळीत झालेलं. मी चहा त्या मोकळ्या जागेवर ठेवणार होतो, पण ठेवला नाही. तो त्याच्या हातातच दिला.

काल हे सगळं लिहून झाल्यावर घरात वाचून दाखवलं. बायको सुपातली डाळ निवडत ऐकत होती. वाचून संपल्यावर तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "बेस लिखं. पन नानामामाले मोठं करतांना या खेपले कोनले धाकलं करं नहीं ना?"